दुधाचे खाडे भिंतीवर, बाकी सारे डोक्यात

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. त्या 44 वर्षांच्या असून रोज स्कूटरने 14 किलोमीटरवरच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत जातात. पहिली-दुसरीचे वर्ग त्यांच्याकडे आहेत. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, वरून मागवली जाणारी ऑनलाइन माहिती आणि मतदार यादीसाठी बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम आहेच. घरी पतसंस्थेत नोकरी करणारे पती, दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि मधुमेह व गुडघेदुखीमुळे घराबाहेर न पडणाऱ्या सासूबाई आहेत. पहाटे साडेपाचपासून रात्री साडेअकरापर्यंत आपण धावत असतो, तरी अंथरुणाला पाठ टेकताना ‘आज काहीच झाले नाही’ असेच वाटते, असे त्या लिहितात. मागच्या आठवड्यात ‘अर्ध्या तासात माहिती पाठवा’ असा निरोप फोनवर आलेला असताना पहिलीतली एक मुलगी पाटी दाखवायला आली आणि त्या तिच्यावर जोरात ओरडल्या. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. ‘इतर बायकांना सगळे जमते, मलाच का जमत नाही? पहाटे साडेचारला उठू लागले तर सगळी कामे शांतपणे उरकतील का?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचे पत्र वाचून झाल्यावर मी एक कोरा कागद घेतला आणि पत्रात ओघाने आलेली कामे त्यावर एकाखाली एक उतरवली. ती 31 भरली. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहिला, की हे काम हातांनी करायचे आहे की नुसते लक्षात ठेवायचे आहे. स्वयंपाक, डबे, स्कूटरवरचा प्रवास, वर्गातले शिकवणे आणि घरोघरी जाऊन मतदारांचे अर्ज भरून घेणे ही हातांची कामे झाली. गॅसची टाकी संपत आली आहे, सासूबाईंची साखर या आठवड्यात तपासायची आहे, मुलाला चित्रकलेसाठी जाड कागद हवा आहे, मुलीची सराव परीक्षा सोमवारी आहे, शाळेतला तांदूळ महिनाअखेरपर्यंत पुरणार नाही, ही दुसऱ्या प्रकारची. ही दुसरी यादी पहिलीपेक्षा मोठी निघाली. तुमच्या थकव्याचे मूळ मला या दुसऱ्या यादीत दिसते, आणि ती यादी तुमच्या घरात किंवा शाळेत दुसऱ्या कोणालाही दिसत नाही, कारण ती फक्त तुमच्या डोक्यात आहे.

तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर असेलच. त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडलेले असतील, एखाद्या चौकोनात ‘अर्धा जास्त’ असे लिहिलेले असेल आणि कोपऱ्यात गॅसची टाकी लावल्याची तारीख असेल. दुधाचा हिशेब आपल्याकडे कोणीही डोक्यात ठेवत नाही. पाहुणे आले त्या दिवशी किती दूध जास्त घेतले हे महिनाभर आठवत राहण्यात काही हशील नाही, हे आपल्या आजीला आणि आईलाही ठाऊक होते. खाडा मांडला की तो विषय डोक्यातून गेला. पहिल्या तारखेला चौकोन मोजायचे आणि पैसे द्यायचे. शिवाय तो हिशेब घरातल्या कोणालाही वाचता येतो, मुलगासुद्धा दूधवाल्याला पैसे देऊ शकतो. मग इतर तीस गोष्टींच्या बाबतीत आपण हा शहाणपणा का बाजूला ठेवतो, हे मला तुमचे पत्र वाचताना पुन्हा पुन्हा वाटत राहिले.

अर्धवट राहिलेले काम मनाला कसे टोचत राहते, याचा अभ्यास ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने बर्लिनमध्ये केला होता. तो 1927 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांना छोटी छोटी कामे देऊन त्यांतली काही मध्येच थांबवली, तेव्हा पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धी राहिलेली कामे त्यांना जास्त आठवली. पुढच्या काळातल्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम तितका ठळकपणे दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण तुमच्या प्रश्नाशी अधिक जवळचा असा एक अभ्यास 2011 मध्ये मासिकांपो आणि बाउमायस्टर या दोन अमेरिकी संशोधकांनी केला. राहून गेलेले काम कधी, कुठे आणि कसे करायचे हे ज्यांनी नेमके ठरवले, त्यांच्या मनात त्या कामाचे विचार मध्येमध्ये घुसणे कमी झाले. काम मात्र अजून झालेले नव्हते. मला यातली ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. मन निवांत व्हायला सगळी कामे उरकावी लागतात, हे तुमच्या पत्रामागचे गृहीतक आहे. तसे असते तर संसार आणि नोकरी करणारे एकही माणूस कधी शांत झोपले नसते, कारण कामे कोणाचीच संपत नाहीत.

आता साडेचारच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही साडेअकराला झोपता, म्हणजे झोप पाच तासांवर येईल. प्रौढ माणसाला साधारणपणे सात तास झोप लागते आणि तुमची आजच सहा तासांची होत आहे. झोप तुटली की चिडचिड वाढते, साध्या गोष्टी विसरायला होतात आणि समोरचे माणूस काय सांगते आहे याकडे लक्ष राहत नाही. याच तीन तक्रारी तुमच्या पत्रात आहेत. शिवाय मिळालेला तो तास शांततेचा ठरेल याची खात्री नाही. घरातले सगळे झोपलेले असताना तुम्ही एकट्या जाग्या असाल, तर तो तास आणखी चार कामांनी भरून जाईल आणि महिन्याभरात घराला त्याची सवय लागेल. पहाटेची वेळ तुम्हाला मनापासून आवडत असेल तर अवश्य उठा, पण मग रात्री साडेनऊला दिवा मालवण्याची व्यवस्था आधी करा. तोपर्यंत माझे मत साडेचारच्या विरोधात आहे.

‘इतर बायकांना सगळे जमते’ हे वाक्यही तपासून पाहायला हवे. तुमच्या शेजारणीच्या घरातला जो भाग तुम्हाला दिसतो, तो झाडलेल्या अंगणाचा आणि इस्त्रीच्या साडीचा असतो. तिला रात्री किती वाजता झोप लागते, हे तुम्हाला दिसत नाही. आणि तुम्ही शाळेत वेळेवर पोचता तेव्हा तुमच्याकडे पाहून दुसरी एखादी बाई अगदी हेच म्हणत असेल. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा 88 मिनिटे. ही नुसती केलेल्या कामाची मिनिटे आहेत. भाजी चिरताना उद्याच्या डब्याचा विचार चालू असतो, त्याचा हिशेब या आकड्यांत येत नाही. तुम्हाला जमत नाही असे म्हणण्यापेक्षा, एका माणसाच्या डोक्यात मावणार नाही इतके तुमच्या वाट्याला आले आहे, असे म्हणणे मला अधिक खरे वाटते.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी अधोरेखित करून ठेवले आहे: ‘यांना सांगत बसण्यापेक्षा मीच करून टाकते.’ हे वाक्य मी अनेक पत्रांत वाचले आहे आणि त्यात तथ्यही आहे, कारण पहिल्या दिवशी सांगायला लागणारा वेळ करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा खरोखरच जास्त असतो. पण तुमचे यजमान काही करत नाहीत असे तुम्ही लिहिलेले नाही; ‘सांगितले की मदत करतात’ असे लिहिले आहे. या ‘सांगितले की’मध्येच सारी मेख आहे. तुम्ही आठवण ठेवायची, वेळ आली की सांगायचे, मग झाले की नाही ते पाहायचे आणि त्यांनी मधला एक फेरा मारायचा, अशा वाटणीत तुमचे डोके एक क्षणही रिकामे होत नाही. म्हणून काम देताना ते मुळासकट द्या. उदाहरणार्थ, सासूबाईंची औषधे. ‘आज येताना गोळ्या आणा’ हा निरोप झाला. ‘आईंची औषधे आजपासून तुमच्याकडे’ ही सोपवणूक झाली. तिच्यात पाकीट संपत आले आहे हे पाहणे, चिठ्ठी जपून ठेवणे, साखर तपासायची तारीख आणि डॉक्टरांकडे नेणे हे सारे येते. औषधात चूक परवडत नाही म्हणून सात खाण्यांचा गोळ्यांचा डबा आणा. तो रविवारी त्यांनी भरायचा आणि तुम्ही भरून झाल्यावर एकदाच पाहायचा. आठवड्यातले उरलेले दिवस तुम्ही त्या विषयाकडे वळायचे नाही.

हे बोलणे कधी करायचे, यालाही महत्त्व आहे. भांड्यांचा आवाज वाढलेला असताना केलेले बोलणे भांडणच ठरते. रविवारी सकाळी चहा झाल्यावर सगळ्यांना बसवा, सासूबाईंच्या खाटेजवळच बसवा आणि मी जशी यादी केली तशी यादी तुम्ही मोठ्याने वाचत मुलीला लिहायला सांगा. कोणावर ठपका ठेवू नका, नुसती वाचा. आपल्या घरात इतक्या गोष्टी आठवाव्या लागतात, हे तुमच्या यजमानांना त्या दिवशी प्रथमच कळण्याचा संभव आहे. मग प्रत्येकाने दोन-तीन गोष्टी मुळासकट घ्याव्यात आणि त्या कॅलेंडरवर ज्याच्या त्याच्या नावाने मांडाव्यात. मुलाचे दप्तर आणि चित्रकलेचा कागद मुलाकडे जाऊ द्या. एखाद्या दिवशी तो कागद विसरेल आणि बाई रागावतील. सहावीतल्या मुलासाठी हे नुकसान फार मोठे नाही. मुलीचे दहावीचे वर्ष आहे म्हणून तिच्या हातातला चमचासुद्धा काढून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. तिला तिचा डबा भरू द्या आणि सराव परीक्षेच्या तारखा तिच्या तिने मांडू द्या.

सासूबाई दर अर्ध्या तासाने हाक मारतात, ही तुमची तक्रार मी समजू शकतो. पण दिवसभर एका खोलीत बसून असलेल्या माणसाला पाण्याच्या पेल्याइतकीच बोलण्याचीही तहान लागते, हे तुम्ही मनात धरावे असे मला वाटते. संध्याकाळी घरी आल्यावर ओट्याकडे वळण्याआधी पंधरा मिनिटे त्यांच्याजवळ बसून पाहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मेथीची जुडी आणि कागद त्यांच्यापुढे ठेवा. गुडघे दुखत असले तरी त्यांचे हात रिकामे आहेत, आणि आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला काही न करता बसवून ठेवणे हे तिलाही जड जात असणार. हाका पूर्ण थांबतील असे मी म्हणणार नाही. कमी मात्र होतील.

शाळेच्या बाबतीत तुमच्या हातात घरापेक्षा कमी आहे, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या 27 व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई केली आहे, पण बीएलओचे काम त्या अपवादातच बसते. ते टाळण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याचा जाच मात्र कमी करता येतो. नवीन नावनोंदणीचा नमुना 6, वगळणीचा 7 आणि दुरुस्ती व स्थलांतराचा 8, या तिन्हींसाठी वेगवेगळे फोन दिवसभर घेत बसण्यापेक्षा आठवड्यातली एक संध्याकाळ आणि एक ठिकाण ठरवून गावात जाहीर करा. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर शाळेच्या ओट्यावर, असे काहीतरी. पहिले दोन आठवडे लोक तरीही फोन करतील. प्रत्येकाला तेवढेच उत्तर द्यायचे.

‘तातडीने माहिती पाठवा’ या निरोपांचे जरा बारकाईने निरीक्षण करा. तुमच्यासारख्या अनेक शिक्षकांकडून मी ऐकले आहे, की त्यांतली बहुतेक माहिती एकच असते, रकाने तेवढे बदलतात. वर्गवार पट, मुले-मुली, प्रवर्गनिहाय संख्या, आधार पडताळणी झालेले आणि राहिलेले विद्यार्थी, शाळेचा 11 अंकी यू-डायस (ओळख) क्रमांक, खोल्या, स्वच्छतागृहे, शिल्लक तांदूळ. हे सारे महिन्याच्या पहिल्या दिवशी एका जाड कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून काढा, कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि त्याचा फोटो तुमच्या आणि तुमच्या सहकारी शिक्षकांच्या फोनमध्ये ठेवा. म्हणजे अर्ध्या तासात मागितलेली माहिती पाच मिनिटांत जाते आणि ती कोणालाही पाठवता येते. फोन पाहण्याच्या वेळाही दोघांनी वाटून घ्या. परिपाठाआधी एकदा, मधल्या सुट्टीत एकदा, शाळा सुटल्यावर एकदा. मधल्या तासांत खरोखर काही तातडीचे असेल तर केंद्रप्रमुखांनी फोन करावा, असे त्यांना आदराने सांगून ठेवा. एका कामातून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, हे सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवले आहे. पाढे म्हणून घेताना मध्येच निरोप वाचला, की त्यानंतरचे पाढे तुम्ही अर्ध्या मनाने ऐकता. त्यात तुमचा दोष नाही. माणसाचे लक्ष तसेच चालते.

कूकरची शिट्टी, फोनची घंटी आणि सासूबाईंची हाक एकाच क्षणी आली तर काय करावे, असेही तुम्ही विचारले आहे. गॅस बंद करा. ओट्याला हात टेकून उभ्या राहा, चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. असे पाच-सहा वेळा करा. श्वास सोडणे लांबवले की छातीची धडधड उतरते. मग या तिघांपैकी एकाच गोष्टीकडे वळा. यात मिनिटभर जातो. याहून अधिक मोठे तंत्र मला ठाऊक नाही आणि स्वयंपाकघरात ते चालणारही नाही.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटे वहीत उद्याची कामे लिहा, पण हातांनी करायची महत्त्वाची कामे तीनच घ्या. प्रत्येकापुढे वेळ आणि जागा लिहा, ‘पोषण आहाराची नोंद, मधली सुट्टी, शाळेत’ इतकी नेमकी. आणि त्याखाली एक ओळ अशी लिहा, की उद्या अमुक करणार नाही. कपड्यांच्या घड्या, माळ्याची सफाई, जे असेल ते. आपल्याला काय करायचे नाही हे आपण सहसा ठरवत नाही, म्हणून ते राहून गेले की अपराधी वाटते. ठरवून बाजूला ठेवलेले काम रात्री छातीवर बसत नाही, असा माझा स्वतःचा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे.

दुकान सांभाळणाऱ्या, बँकेत काउंटरवर बसणाऱ्या किंवा पुण्या-मुंबईत एकट्याने राहून आजारी वडिलांचे सारे पाहणाऱ्या वाचकांनाही यातले बरेचसे लागू पडेल. ज्यांच्याकडे सोपवायला माणूसच नाही, त्यांनी निदान ती यादी डोक्यातून भिंतीवर आणावी आणि एखाद्या बहिणीला, मित्राला ती दाखवावी. मतदार यादीच्या जागी तुमचे जे काम असेल ते घाला.

दोन गोष्टी थोडक्यात सांगायच्या राहिल्या. मुलीच्या परीक्षेच्या सुमारास तुम्हाला बालसंगोपन रजेचा विचार करता येईल. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये ती लागू केली असून मूल 18 वर्षांचे होईपर्यंत संपूर्ण सेवेत 180 दिवसांची मर्यादा आहे. शाळा द्विशिक्षकी असल्यामुळे अर्ज बराच आधी करावा लागेल. दुसरी गोष्ट तुमच्या प्रकृतीची. या वयात थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेणे शहाणपणाचे आहे, कारण त्यांतल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. झोप न लागणे, रडू येणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक रोज चालू राहिले, तर डॉक्टरांना भेटायला संकोचू नका. शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता पाटी घेऊन आलेल्या त्या पहिलीतल्या मुलीविषयी. तुम्ही पत्राचे पाऊण पान तिच्यासाठी लिहिले आहे, म्हणजे ती तुमच्या मनातून गेलेली नाही. तुमच्या ओरडण्याने तिचे कायमचे नुकसान झाले, अशी भीती बाळगू नका. पहिलीतली मुले आपल्या बाईंना लवकर क्षमा करतात. पण तिने शुद्धलेखन दाखवायला आणले होते की चित्र, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. कदाचित ते तुम्हालाही माहीत नसावे. उद्या परिपाठ झाला की फोन कपाटात ठेवा, तिला जवळ बोलवा, ‘त्या दिवशी बाई चिडल्या, तुझे काही चुकले नव्हते’ एवढे सांगा आणि पाटीवर काय होते ते तिला विचारा. पुसले गेले असेल, तर पुन्हा काढायला सांगा आणि तिचे होईपर्यंत शेजारी बसा.